पहिल्या धारेची बरगंडी

शनिवारी सकाळी आसनगावजवळ हायवेला उभं राहिलं की मुंबईच्या गाड्यांची रांग दिसते. शहापूर, आटगाव, खर्डी मागे टाकत त्या कसारा घाट चढतात आणि इगतपुरीवरून नाशिकच्या वायनरींकडे जातात. मार्च-एप्रिलमध्ये याच रस्त्यापासून थोडं आत, उजाडायच्या आधी, मोहाच्या झाडाखाली बायका आणि पोरं टोपल्या घेऊन फुलं वेचत असतात. मुंबईहून वाइनकडे जाणारा रस्ता मोहाच्या मुलखातून जातो. गाडीतल्या माणसाच्या फोनवर मात्र त्या वेळी वेगळंच काहीतरी उघडलेलं असतं: उत्तम वाइन कशी निवडावी.

मला बोलायचंय ते या ‘कशी निवडावी’ प्रकारच्या लेखनाबद्दल. त्यातही फ्रान्सच्या बरगंडीबद्दलच्या लेखनाबद्दल, कारण वाइन निवडण्याची विद्या तिथे सगळ्यात पुढे गेली आहे असं मानतात. असे लेख वाचून हसायला येतं. ओल्या मातीचा वास, जुन्या चामड्याचा वास, जंगलातल्या पाचोळ्याचा वास. आपल्याकडे पावसाळ्यात घरात जे वास फुकट येतात, त्यांचे तिथे लाखभर रुपये मोजतात. पण हसून झाल्यावर नीट वाचलं तर त्यात शिकण्यासारखं बरंच आहे. आणि लपवलेलंही बरंच आहे.

आधी शिकण्यासारखं. बरगंडीची लाल वाइन मुख्यतः पिनो न्वार या एकाच द्राक्षाची आणि पांढरी मुख्यतः शार्दोनेची. तरी बाटलीवर द्राक्षाचं नाव बहुधा नसतं. असतं ते जागेचं. सगळ्यात खालच्या पायरीवर नुसतं ‘बूर्गोन्य’, म्हणजे प्रदेशाचं नाव. त्यावर गावाचं नाव. त्यावर गावातल्या एखाद्या चांगल्या तुकड्याचं नाव, त्याला ‘प्रमिए क्रू’ म्हणतात. सगळ्यात वर ‘ग्राँ क्रू’. ही माळ्यावरची वाइन एकूण उत्पादनाच्या एक-दोन टक्केच असते आणि तिला गावाच्या नावाचीही गरज पडत नाही. जमिनीच्या अशा नाव असलेल्या तुकड्यांना तिकडे ‘क्लिमा’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर शेताचं नाव. माळ, खाचर, वरकस जमीन यांना गावात जशी नावं असतात, तशीच. 2015 मध्ये युनेस्कोने या क्लिमांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

निवडताना पहिला फसवा खड्डा नावाचाच आहे. शाँबेर्तँ हे एका ग्राँ क्रू तुकड्याचं नाव. 1847 मध्ये जेव्रे नावाच्या गावाने ते आपल्या नावाला जोडून घेतलं आणि गाव झालं जेव्रे-शाँबेर्तँ. 1879 मध्ये प्युलिन्यी आणि शासान्य या गावांनी मोंराशे या प्रसिद्ध पांढऱ्या वाइनच्या तुकड्याचं नाव असंच लावून घेतलं. त्यामुळे जोडनाव दिसलं तर ती बहुधा गावाची वाइन समजायची आणि नुसतं ‘शाँबेर्तँ’ दिसलं तर खिसा सांभाळायचा. स्टेशनचं नाव दाखवून लांबचा प्लॉट विकणाऱ्या जाहिराती आपण कल्याणच्या पुढे रोज बघतो. हे काही वेगळं नाही.

दुसरा खड्डा: जागा एक, मालक अनेक. क्लो द वूजो हा सिस्टर्शियन साधूंनी भिंत घालून वेढलेला मळा साधारण 50 हेक्टरचा आहे. त्याचे आज 80च्या आसपास मालक आहेत. राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी विकल्या गेल्या आणि नंतरच्या वारसाहक्काने तुकड्यांचे तुकडे झाले. सातबाऱ्यावर वीस नावं असलेलं शेत ज्याने पाहिलं आहे, त्याला हे समजवायला नको. सगळ्यांच्या बाटलीवर ग्राँ क्रूच लिहिलेलं असतं, पण आतली वाइन सारखी नसते. म्हणून जाणकार माणूस जागेनंतर लगेच करणाऱ्याचं नाव बघतो. ‘दोमेन’ म्हणजे स्वतःच्या वेलींची द्राक्षं वापरणारा. ‘नेगोसियाँ’ म्हणजे बहुतेक दुसऱ्यांची द्राक्षं किंवा वाइन विकत घेऊन बाटली भरणारा व्यापारी. सुरुवात करणाऱ्याला शहाणा सल्ला हाच: वाईट हातातल्या मोठ्या नावापेक्षा चांगल्या हातातलं साधं ‘बूर्गोन्य’ घ्या. पांढऱ्यात कोरडी, आंबटसर चव हवी तर उत्तरेची शाब्ली. भरदार, लोण्यासारखी हवी तर म्यूरसॉ. परवडण्यातली हवी तर दक्षिणेची माकाँ. आपल्याकडे परवडण्याला फार अर्थ नाही म्हणा, कारण परदेशी वाइनवर आपण वर्षानुवर्षं 150 टक्के आयात शुल्क लावत आलोय.

इथपर्यंत हे लेखन प्रामाणिक आहे. ते तीन प्रश्न विचारायला शिकवतं: कुठली? कोणाची? कोणत्या वर्षाची? माझी तक्रार पुढे सुरू होते. ही सगळी उतरंड जणू मातीतून आपोआप उगवली, असं हे लेख भासवतात. ती उगवली कायद्यातून. 1395 मध्ये बरगंडीचा ड्यूक फिलिप याने गामे नावाच्या, भरपूर पीक देणाऱ्या द्राक्षाचे वेल उपटायचा हुकूम काढला. पिनोची चव टिकली त्यात त्या हुकमाचाही हात आहे. 1935 मध्ये फ्रान्सने जागेच्या नावाला कायद्याचं संरक्षण देणारी व्यवस्था उभी केली. त्यानंतर जागेचं नाव ही शेतकऱ्याची मालमत्ता झाली आणि दुसऱ्या कोणी ते लावलं तर तो गुन्हा ठरला.

आता कसाऱ्याच्या अलीकडे या. इथेही एका झाडाबद्दल कायदा झाला. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर सरकारचा ताबा बसवला होता. उरणच्या भट्ट्यांमधली मोहाची दारू मुंबईला जात होती आणि तिच्यावर सरकारला महसूल मिळत होता. पाड्यावर घरोघरी गाळलेल्या दारूतून तो मिळत नव्हता. मग 1892 मध्ये खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा आला आणि दारूबरोबर फुलावरही निर्बंध आले. हे फूल म्हणजे अन्न होतं. ओढीच्या महिन्यांत ते उकडून, भाजून खाल्लं जायचं, गुरांना घातलं जायचं. फिलिपने वेल उपटायला लावले ते चव वाचवायला. इथल्या सरकारने फूल अडवलं ते कर वाचवायला. पुढे 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि घरची भट्टी गुन्हाच राहिली.

याचा परिणाम भाषेत दिसतो. ‘पहिल्या धारेची’ हा मराठीतला अस्सल निवडीचा शब्द आहे. भट्टीतून पहिल्यांदा उतरते ती कडक, मग दुसरी, मग पाणचट. प्रतवारीच आहे ही. पण आज हा शब्द आपण वापरतो तो विनोदात किंवा टोमण्यात. कुठल्या झाडाचं फूल जास्त गोड, कुठलं झाड कोणत्या घराने वेचायचं, हे पाड्यावर माहीत असतं. ते कुठे लिहिलेलं नाही, कारण ज्या मालाबद्दल पोलीस विचारतात त्याची कोणी वही ठेवत नाही. बरगंडीच्या साधूंनी शेकडो वर्षं नोंदी ठेवल्या. आपल्याकडे नोंद फक्त पंचनाम्यात.

यावर आक्षेप येणार, आणि तो खरा आहे. मोहाची दारू ऊर्ध्वपातनाची, वाइन नुसती आंबवलेली. दोन्हींची चव शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही आणि मी ती करत नाही. दुसरा आक्षेप त्याहून जड आहे. दारूने पाडे पोखरले आहेत. शहापूर-मुरबाडमध्ये ‘हातभट्टी’ म्हटल्यावर आज डोळ्यांपुढे मोह येतोच असं नाही, काळा गूळ आणि नवसागर येतो. मार खाणाऱ्या बाईला ‘वारसा’ हा शब्द ऐकवायची माझी तरी हिंमत नाही. बरगंडीत बाटली आडवी ठेवतात ती वर्षानुवर्षं मुरावी म्हणून. महाराष्ट्रात बायका मतदानाने ‘आडवी बाटली’ करतात ती गावातलं दुकान बंद व्हावं म्हणून. हा अर्थ आपण कमावलेला आहे आणि तो पुसायचं कारण नाही.

पण याच महाराष्ट्रात जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय झाला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, ती शेतकऱ्याच्या हिताची, असा युक्तिवाद जोरात झाला. द्राक्ष उत्पादक शेतकरी, मोह वेचणारा आरोपी. हा भेद चवीने केलेला नाही आणि आरोग्यानेही नाही.

आता वारं फिरतंय. 2021 मध्ये राज्याने मोहफुलांवरचे निर्बंध सैल केले. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून वाट करून दिली. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं आहे. सुंदर बाटल्यांमधला मोह मोठ्या शहरांच्या बारमध्ये यायला लागलाय आणि त्याचं वर्णन करणारी लेखणी पुन्हा तीच आहे: फुलांचा वास, मधाची छटा, जंगलाचा आत्मा. माझी भीती ही आहे की बरगंडीकडून आपण फक्त विशेषणं उचलू. तिथलं खरं शहाणपण लेबलवर आहे: गावाचं नाव, तुकड्याचं नाव, करणाऱ्याचं नाव. अर्थात तेही आता सुरक्षित नाही. 2014 मध्ये क्लो दे लाँब्रे हा ग्राँ क्रू मळा महागड्या बॅगा विकणाऱ्या एलव्हीएमएच या कंपनीने घेतला. नाव जागेचं राहिलं, मालक बदलला.

शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. पेसा आणि वनहक्क कायद्यांनुसार मोहफुलासारख्या वनोपजावर इथल्या लोकांचा हक्क आहे. दारूला बंदी करायची की नियमन, यात ग्रामसभेचा शब्द मोजला पाहिजे. म्हणजे कागदावर आपल्याकडेही पाया आहे. एखादी ग्रामसभा ‘नको’ म्हणेल, तर तिथे विषय संपला. एखादी ‘हो’ म्हणेल, तर बाटलीवर तिचं नाव आलं पाहिजे.

तोवर वाइन निवडायची विद्या शिकलेल्यांनी ती अर्धीच वापरू नये. उद्या एखाद्या बारमध्ये मोहाची महागडी बाटली समोर आली, तर बरगंडीला विचारतो तेच प्रश्न तिलाही विचारा. कुठल्या गावाची? फुलं कोणी वेचली? त्यांना किलोमागे काय मिळालं? उत्तर आलं नाही तर समजा की ती नुसती ‘बूर्गोन्य’ही नाही. ती व्यापाऱ्याची बाटली आहे, आणि व्यापाऱ्याचं नाव शेवटी वाचायचं, हे त्याच लेखांनी आपल्याला शिकवलं आहे.