गोमंतकाचें सौंदर्य कोणाचें?

गोमंतकावरील मराठी प्रवासवर्णनें वाचतांना एक गोष्ट वारंवार खटकते. नारळीपोफळींच्या बागा, मांडवीचें विस्तीर्ण पात्र, शुभ्र इगर्ज्या आणि शेवटीं ‘पोर्तुगीज वातावरणा’विषयीं एक सुस्कारा, हा क्रम सहसा चुकत नाहीं. वर्णन गोड असतें; परंतु विचारी वाचकाचें त्यानें समाधान होत नाहीं.

दोष भाषेचा नसून दृष्टीचा आहे. जुन्या गोव्यांतील बॉम जेझूचें मंदिर १६०५ सालीं पूर्णत्वास गेलें. त्याची भव्यता कोण नाकारील? पण त्यापुढें लवणाऱ्या लेखकानें मंगेशीची वाटही धरावी. मंगेशाचें मूळ स्थान कुशस्थळीस होतें. धर्मच्छळाच्या भयानें १५६० सालीं भक्तांनीं देव पोर्तुगीज हद्दीबाहेर प्रियोळास नेला. आणि आज त्याच देवालयाच्या घुमटांत व कमानींत युरोपीय वळण स्पष्ट दिसतें! ज्यांच्या भयानें देवानें घर सोडलें, त्यांचीच कला त्याच्या नव्या घरांत आली. गोमंतकाचें खरें रहस्य या विसंगतींत आहे. नुसत्या सुस्काऱ्यानें तें उकलत नाहीं.

वाङ्मयांतही हेंच दिसतें. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाचें ओवीबद्ध मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं गोमंतकांतच छापलें गेलें. आणि त्याच राजवटीनें १६८४ सालीं लोकभाषेविरुद्ध फर्मान काढलें. प्रेम आणि जुलूम एकाच छपराखालीं नांदले. यांपैकीं एकच पाहणारा लेखक, मग तो भाट असो वा निंदक, अर्धाच प्रवास करून परततो.

शिवाय ज्यास आपण परकें म्हणून पाहावयास जातों, तें आपल्या घरांत केव्हांच शिरलें आहे. समुद्रापासून इतक्या दूर, आमच्या विंचुरास कांद्याचा लिलाव चालतो. तो ‘लिलाव’ शब्द पोर्तुगीज. पगार, चावी आणि बटाटा हेही त्याच गलबतांतून उतरले. ते वापरतांना आपणांस कोणतेंही ‘वातावरण’ जाणवत नाहीं. कारण मराठीनें ते पचविले आहेत.

गोमंतकानेंही तसेंच पचविलें. ४५१ वर्षांची पोर्तुगीज सत्ता १९६१ च्या डिसेंबरांत गेली. सौंदर्य मात्र राहिलें, कारण तें एकट्या सत्ताधाऱ्यांचें कधींच नव्हतें. जांभा दगड घडविणारा गवंडी, वेदी कोरणारा सुतार आणि देव खांद्यावर घेऊन नदीपार गेलेला भक्त, यांचाही त्यांत वाटा आहे. पुढील प्रवासवर्णनकारानें सुस्कारा टाकण्यापूर्वीं यांची आठवण ठेवावी, एवढीच आमची विनंती.