मारण्यापलीकडचा गुण

पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत धुळीने घसा धरला, की पुष्कळ जण परतताना मेडिकलमधून तीन गोळ्यांची पट्टी मागून घेतात. अॅझिथ्रोमायसिन 500. ही गोळी जंतू मारते, एवढीच तिची आपल्याला ओळख. तिचा दुसरा गुण समजून घ्यायचा, तर एक शोधनिबंध सावकाश वाचावा. लिसा सायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध 2003 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

निबंधाचा विषय आहे सिस्टिक फायब्रोसिसचे रुग्ण. या जन्मजात आजारात सीएफटीआर जनुकातल्या दोषामुळे फुफ्फुसातला कफ घट्ट, चिकट होतो, घाम फार खारट असतो, अन्न नीट पचत नाही, मुलाचे वजन वाढत नाही. कफात स्यूडोमोनास नावाचा जंतू ठाण मांडतो. त्याच्याशी लढायला न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी थव्याने येतात आणि इलास्टेज हे विकर व ऑक्सिजनचे उग्र रेणू सोडतात. जंतू तग धरतो. झिजतात त्या श्वासनलिकांच्या भिंती. हे उग्र रेणू निववणारे ग्लुटाथिऑन तिथे आधीच कमी पडते, आणि चरबी न पचल्याने ई जीवनसत्त्वही अपुरे राहते. दाह आणि या उग्र रेणूंचा ऑक्सिडेटिव्ह ताण असे एकमेकांना वाढवत जातात.

आता निबंधातला खरा पेच. नेहमीच्या मात्रेत अॅझिथ्रोमायसिन स्यूडोमोनासला मारत नाही. मग ती द्यायची कशाला? धागा जपानचा होता. तिथे 1980 च्या दशकात शोजी कुदो यांनी पॅनब्रॉन्किओलायटिस या फुफ्फुसविकारात तिच्याच कुळातले एरिथ्रोमायसिन थोड्या मात्रेत दीर्घकाळ देऊन रुग्णांचे आयुष्य वाढवले होते. सायमन यांनी तो धागा उचलला आणि कसोटीला लावला.

कसोटीची मांडणी पाहावी. अमेरिकेतली 23 केंद्रे, स्यूडोमोनास जडलेले, सहा वर्षांवरचे 185 रुग्ण. आठवड्यातून तीन दिवस, 168 दिवस, काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी निर्गुण गोळी. कोणाला काय मिळते, हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. मोजायचे काय, तर छाती भरून श्वास घेऊन जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते. औषधाच्या गटात ही हवा सरासरी 0.097 लिटरने वाढली, दुसऱ्या गटात 0.003 लिटरने. दोन्हींतला फरक टपरीवरच्या एका कट चहाएवढा. ज्याची फुफ्फुसे वर्षागणिक खालावत जाणार, त्याच्यासाठी ही मोठी कमाई आहे. औषध घेणाऱ्यांचे वजनही सरासरी 0.7 किलोने अधिक भरले आणि आजार उसळण्याचा धोका घटला.

हा दाह शमवण्याचा गुण येतो कुठून? ही गोळी पांढऱ्या पेशींच्या आत साठते, न्यूट्रोफिलांना बोलावणारे संदेश मंदावते आणि जंतूंची आपसातली संकेतभाषाही बिघडवते. पण सगळ्याच प्रतिजैविकांना हे श्रेय देता येत नाही. टोब्रामायसिन स्यूडोमोनासला मारते आणि जंतूंचा भार उतरवून दाह कमी करते. तेच औषध शिरेतून दिले, तर मूत्रपिंडात आणि कानाच्या नाजूक पेशींत ऑक्सिडेटिव्ह ताण वाढवू शकते.

निबंधाची मला सर्वांत भावलेली जागा म्हणजे लाभाच्या आकड्यांना लागूनच येणारे तोट्यांचे आकडे. औषध घेणाऱ्यांत मळमळ 17 टक्क्यांनी, जुलाब 15 टक्क्यांनी, छातीतली घरघर 13 टक्क्यांनी जास्त आढळली. काही झाकलेले नाही, काही फुगवलेले नाही. याच बाण्याने सायमन यांनी 2010 साली ‘जामा’तच पुढचा निबंध लिहिला. स्यूडोमोनास न जडलेल्या 260 मुलामुलींत या गोळीने फुंकरीची हवा वाढली नाही, हे त्यांनी आधी सांगितले. आजार उसळण्याचे प्रमाण निम्म्यावर आले, हे त्यानंतर. मुख्य अपेक्षा फसली, तर ती फसली असेच लिहिणे ही शास्त्रीय गद्याची सर्वांत कठीण परीक्षा. हे लेखन तिथे पूर्ण उतरते, म्हणून मी त्याला उत्तम गद्य म्हणतो.

ही गोळी दीर्घकाळ सुरू करण्याआधी बेडक्यात क्षयाच्या जंतूच्या कुळातले इतर जंतू नाहीत ना, हे तपासावे लागते. नाहीतर एकट्या गोळीला ते सरावतात आणि पुढे दाद देत नाहीत. म्हणून वाचकांना कळकळीचे सांगणे आहे: यात्रेच्या धुळीने आलेल्या खोकल्यासाठी ही पट्टी मनाने घेऊ नका. आणि घरातल्या लेकराचा खोकला हटत नसेल, वजन वाढत नसेल, पापा घेताना कपाळ खारट लागत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून घामातल्या क्लोराइडची तपासणी करून घ्या.