आहे की करा?

मुंबईत रिक्षात बसल्यावर 'मीटर डाऊन करा' म्हणतात. हा 'डाऊन' एकेकाळी अक्षरशः खरा होता. २०१२ मध्ये इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे होईपर्यंत उपनगरातल्या रिक्षांना यांत्रिक मीटर असत. त्यावरची पत्र्याची पाटी उभी असली की रिक्षा रिकामी. प्रवासी बसला की रिक्षावाला हात लांब करून पाटी फिरवी, टिंग आवाज होई, पाटी खाली जाई. भाडं किती झालं ते कळायला पुढे टॅरिफ कार्ड लागे, ती कटकट वेगळीच. पण रिक्षा मोकळी आहे की नाही, हे अंधेरी स्टेशनबाहेरच्या गर्दीतही लांबून दिसे.

त्या पाटीचं मोठेपण आज मोबाइलच्या पडद्यावरची बटणं दाबताना जाणवतं. पाटी कुठे आहे ते दिसतं, म्हणजे सध्याची स्थिती कळते. ती कुठे फिरेल तेही दिसतं, म्हणजे पुढची कृती कळते. घरातल्या भिंतीवरच्या खटक्याचंही तेच. आपल्याकडे खटका खाली म्हणजे दिवा चालू, अमेरिकेत वर म्हणजे चालू. तिथे गेलेला माणूस चार दिवस चुकतो आणि मग हाताला सवय होते. वस्तूला अंग असतं, म्हणून हे जमतं. पडद्यावरच्या चिन्हाला अंग नसतं, असतं ते फक्त चित्र. आणि एका चित्राने 'आता असं आहे' आणि 'दाबलं तर असं होईल' ही दोन्ही वाक्यं एकदम बोलावीत, अशी अपेक्षा असते. ते त्याला झेपत नाही. खरा दोष चित्राचा नाहीच. दोनांपैकी कोणतं वाक्य बोलायचं ते न ठरवताच चित्र काढायला बसणाऱ्याचा आहे.

गाण्याच्या अ‍ॅपमधला त्रिकोण आणि दोन उभ्या रेघा घ्या. गाणं वाजत असताना रेघा दिसतात, थांबलं की त्रिकोण. म्हणजे चिन्ह कृती सांगतं. टेपरेकॉर्डरवर दोन्ही कळा वेगवेगळ्या होत्या आणि दाबलेली कळ आत बसायची, त्यामुळे कृती आणि स्थिती दोन्ही बोटाला कळत. पडद्यावर जागा वाचवायला दोघींची एक केली. तरी कोणी फारसं अडखळत नाही, कारण स्थिती सांगायचं काम कान करतात.

माइकला ती सोय नाही. आपला आवाज पलीकडे पोचतोय की नाही, हे आपल्याला ऐकू येत नाही. २०२० मध्ये आमच्या मुलुंडच्या सोसायटीची सभा फोनवर झाली. सेक्रेटरी तीनदा म्हणाले, "काकू, तुमचा माइक बंद आहे." काकूंच्या पडद्यावर काट मारलेला माइक होता आणि खाली लिहिलं होतं, आवाज सुरू करा. काकूंनी चित्र वाचलं की अक्षरं? दोन्ही वाचली, आणि गोंधळल्या. चित्र स्थिती सांगत होतं, अक्षरं कृती सांगत होती, आणि दोन्ही एकाच बटणावर! शेवटी माइक चालू झाला तेव्हा पाण्याच्या टाकीचा विषय संपून गेला होता आणि काकू घरातल्यांना सेक्रेटरीबद्दल काय वाटतं ते सांगत होत्या, तेवढं मात्र सगळ्यांनी ऐकलं.

ही चूक एका अ‍ॅपची नाही, सगळीकडे रुळलेली पद्धत आहे. रात्रीच्या काळ्या पडद्यासाठी चंद्र आणि सूर्य वापरतात. कुठे चंद्र दिसला म्हणजे रात्र चालू असते, कुठे चंद्र दाबला की रात्र होते. भरीव हृदय आणि पोकळ हृदय ही जोडी त्या मानाने शहाणी. ती फक्त स्थिती सांगते आणि कृतीचं नावच घेत नाही.

सरकपट्टीचं बटण सगळ्यांत बरं, कारण त्यात जुन्या पाटीचा थोडा अंश उरला आहे. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये त्यावर 'ऑन' आणि 'ऑफ' लिहिलेलं असे. २०१३ च्या नव्या रूपात अक्षरं गेली आणि खुणेला हिरवा रंग तेवढा आला. ज्यांना रंगावरून कळत नाही त्यांच्यासाठी सेटिंगच्या पोटात एक सोय आहे, ती चालू केली की बटणावर उभी रेघ आणि गोल उमटतात. हीच दोन चिन्हं इन्व्हर्टरच्या खटक्यावर असतात, आयईसीच्या ६०४१७ क्रमांकाच्या चिन्हसंग्रहातली. रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. गोलाला 'ऑन'मधला 'ओ' समजून दाबणारे मी घरातच पाहिले आहेत.

फक्त रंगावर भिस्त ठेवू नये, हे वेबच्या सुगम्यतेच्या नियमांत १९९९ पासून स्पष्ट लिहिलेलं आहे. २०१४ पासून धावणाऱ्या वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोच्या तिकीट तपासणाऱ्या दारांवर तो नियम पाळलेला दिसतो. हिरवा बाण, लाल फुली. रंग न ओळखणाऱ्यालाही बाण बाणच दिसतो.

त्याच नियमकर्त्यांचा, डब्ल्यूथ्रीसीचा, आणखी एक सल्ला आहे, तो आपल्याकडे फार कमी पाळला जातो. बटणाची स्थिती बदलत असेल तर नाव बदलू नका. नाव बदलणार असाल तर वेगळी स्थिती सांगू नका. दोन्ही बदललं की अंध माणसाचा फोन त्याला वाचून दाखवतो, "आवाज सुरू करा, दाबलेलं." आता आवाज सुरू आहे की नाही? डोळस माणूस निदान चित्राकडे तरी बघतो.

आपल्याकडे असा विचार करणारे नाहीत असं नाही. पवईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ मध्येच सुरू झालं. तिथेच बनलेल्या 'स्वरचक्र' कळफलकात व्यंजन दाबलं की भोवती त्याची बाराखडी चक्रासारखी उघडते. आपली लिपी नीट समजून घेतली तर पडद्यावर काय साधतं, त्याचा तो नमुना. पण बहुतेक अ‍ॅपची मराठी आवृत्ती म्हणजे इंग्रजी बटणावर चिकटवलेली चिठ्ठी. त्यावर 'चालू' लिहिलेलं असतं. चालू आहे, की चालू करायचं? 'बंद'चीही तीच गत. इंग्रजीत 'ऑन' एवढाच तोकडा शब्द होता, त्याचा नाइलाज होता. आपल्याकडे घरात कोणी नुसतं 'पंखा चालू' म्हणत नाही. 'पंखा लाव' म्हणतात, नाहीतर 'पंखा चालू आहे' म्हणतात. आजीपासून नातवापर्यंत सगळे हा भेद रोज बोलून पाळतात, आणि भाषांतर करताना नेमका तोच गाळला जातो. जागा पुरत नाही, असं कारण देतात. 'आहे' ही दोन अक्षरं आहेत. 'करा' हीसुद्धा दोनच.

तेव्हा मराठी बटणं लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती: चित्र तुम्हाला हवं ते काढा, पण स्थिती सांगत असाल तर 'आहे' लिहा, कृती सांगत असाल तर 'करा' लिहा, आणि पाठवण्याआधी एकदा घरातल्या काकूंच्या हातात फोन द्या.