दाद आणि समीक्षा

कादंबरी वाचून संपली की ‘आवडली’ किंवा ‘कंटाळवाणी वाटली’ एवढे म्हणून वाचक मोकळा होतो. मैफलीहून परतणाऱ्या श्रोत्याची आणि दूरचित्रवाणीवरील मालिका पाहणाऱ्या प्रेक्षकाची रीतही हीच. या नित्याच्या, वैयक्तिक प्रतिक्रियांकडे समीक्षा प्रायः दोन प्रकारांनी पाहते. एक पक्ष त्यांना व्यक्तिगत लहर समजून विचाराबाहेर ठेवतो. दुसरा त्यांची बेरीज करून लोकप्रियतेलाच गुणवत्तेचे प्रमाण मानतो. दोहोंतही प्रतिक्रियेचा स्वतंत्र विचार होत नाही. वस्तुतः प्रतिक्रिया हा निर्णय नव्हे. ती साक्ष होय. आणि साक्ष नेमकी कशाविषयी आहे हे तपासल्यावाचून ती ग्राह्य की त्याज्य हे ठरविता येत नाही.

भारतीय काव्यशास्त्राने ही तपासणी फार पूर्वी आरंभिली. ‘अभिनवभारती’त अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी ‘निजसुखादिविवशीभाव’ हे प्रस्तुत विषयाच्या गाभ्याशी भिडणारे आहे. स्वतःच्या सुखदुःखात गुरफटलेला प्रेक्षक नाट्यवस्तूशी तन्मय होऊ शकत नाही, हा त्याचा आशय. मुलगी नुकतीच सासरी गेलेल्या पित्याला ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकात रडू कोसळले, तर ते अश्रू कण्वाच्या व्यथेचे किती आणि घरच्या आठवणीचे किती, हा प्रश्न उरतोच. मात्र या विघ्नावर अभिनवगुप्ताने गीतवाद्यादी रंजनसाधनांचा उपाय सांगितला आहे, हे विसरता येत नाही. प्रेक्षकाला त्याच्या खाजगी विश्वातून बाहेर काढणे हे प्रयोगाचेही कार्य आहे, असा त्याचा अर्थ होतो.

आधुनिक काळात आय. ए. रिचर्ड्स यांनी याच प्रश्नाकडे प्रयोगाच्या मार्गाने पाहिले. केंब्रिजमधील विद्यार्थ्यांना त्यांनी कवींची नावे वगळून कविता दिल्या आणि त्यांवरील लेखी अभिप्राय मागविले. १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात १३ कवितांवरील अशा अभिप्रायांची छाननी आहे. सुशिक्षित वाचकही कवितेऐवजी स्वतःच्या आठवणींना, तयार साच्यातील भावनांना आणि पूर्वग्रहांना उत्तर देत असतो, हे त्यातून दिसून आले. हा निष्कर्ष अभिनवगुप्ताच्या विचाराशी जुळतो. परंतु रिचर्ड्स यांनी ते चुकलेले अभिप्राय फेकून दिले नाहीत. वाचन कोठे आणि का घसरते हे त्यांना त्याच अभिप्रायांवरून कळले.

कलाकृतीचा विषयच पूज्य असेल, तर ही छाननी अधिक अवघड होते. ग. दि. माडगूळकर यांनी रचलेले आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेले ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ५६ गीतांत प्रसारित झाले. पुढे १९८७-८८ मध्ये रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका दूरदर्शनवर लागत असताना अनेक घरांत संचाला हार घातले जात. हार घालणाऱ्याचा भाव खराच होता. त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र तो रामाला वाहिलेला होता. दिग्दर्शन, अभिनय वा संवाद यांविषयी त्यावरून काही निष्पन्न होत नाही. याउलट, एखाद्या गीताची चाल त्या प्रसंगातील पात्राच्या मनःस्थितीला कशी साजते, हे सांगणारा ‘गीतरामायणा’चा सामान्य श्रोता अल्प शब्दांत का होईना, कृतीविषयी बोलतो. दोघांची भक्ती सारखी असू शकेल. साक्ष मात्र सारखी नाही.

हा भेद मैफलीतील दादेत स्पष्टपणे प्रत्ययास येतो. दाद तात्काळ असते, व्यक्तिगत असते आणि तिच्यात बहुधा एकाच उद्गाराचे भांडवल असते. तरीही तिला स्थान असते. ताना घेत गायक समेवर अचूक येतो त्या क्षणी, किंवा एखादा स्वर अनपेक्षितपणे लागतो त्या क्षणी ‘वा!’ निघते. हीच दाद दोन मात्रा आधी आली, तर जाणकारांच्या माना वळतात. दाद देणाऱ्याला कारण सांगता येतेच असे नाही. परंतु त्याने जागा दाखविलेली असते, आणि त्या जागेवर बोट ठेवून कारण शोधणे इतरांना शक्य होते.

समीक्षेचा आरंभ येथेच होतो. ‘आवडले’ हा शब्द समीक्षेत वर्ज्य नाही, ‘कोठे?’ या प्रश्नापाशी तो थांबला, तर मात्र अपुरा ठरतो. वर्गात विद्यार्थ्याची पहिली प्रतिक्रिया अशास्त्रीय म्हणून दडपली, तर तो पाठ केलेली मते उतरवू लागतो. त्या लेखनात परिभाषा असते, पण कोणाचेही वाचन नसते. सदोष प्रतिक्रिया पुनर्वाचनाने सुधारता येते. न झालेल्या वाचनाची दुरुस्ती कोणत्याही सिद्धांताने होत नाही. म्हणून प्रतिक्रियेला प्रमाण मानू नये, तशीच ती पुसूनही टाकू नये. तिला कृतीतील तिच्या जागेपर्यंत परत न्यावे. त्या जागी ती टिकली, तर समीक्षेला आधार मिळतो. न टिकली, तर वाचकाला स्वतःची ओळख पटते.