निरोप आणि उत्तर

ऊसतोड मजुरांच्या वस्तीवर शाळाबाह्य मुलांची गणती करायला आम्ही शिक्षक जातो, ते बहुधा संध्याकाळी. टोळ्या फडातून परतलेल्या असतात, चुली पेटलेल्या असतात, आणि दिवसभर कुठेही पांगलेली पोरे भाकरीच्या वासाने कोपीशी येतात. गेल्या हंगामात इंदापूर तालुक्यातल्या अशा एका वस्तीवर एका कोपीच्या मेढीला मोबाईल टांगलेला दिसला. त्यातून उपदेश चालला होता आणि खाली बसलेली बाई भाकरी थापता थापता तो ऐकत होती. ती नगरकडची, ख्रिस्ती. गावच्या मंडळीपासून सहा महिने दूर. पण मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोजचा उपदेश येत होता.

उपदेशक मोठ्या जोशात सांगत होते की, प्रभू तुझ्या जीवनात एक नवा हंगाम आणत आहे. बाईचा थापता हात थांबला. ती मला म्हणाली, "गुरुजी, नवा हंगाम म्हंजी पुढल्या सालचा का? त्यो तर उचलीत आधीच गेला की!"

मी हसलो आणि लगेच मला माझ्या हसण्याची लाज वाटली. म्हणालो, "ताई, तुमच्या पाळकांनाच विचारा ना." तिने फोन काढून माझ्या हातात दिला. पडद्याच्या तळाशी सूचना होती: या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात. "मला लिहाया येत न्हाई," ती म्हणाली, "अन् आलं असतं तरी हितं आपल्याला बोलता येत न्हाई."

मी ख्रिस्ती नाही. तुकोबांची पालखी दरवर्षी आमच्या बारामतीत आणि पुढे इंदापुरात मुक्कामाला येते. त्या टाळांच्या आवाजात मी वाढलो. परंतु मराठी ही माझ्या धंद्याची भाषा आहे, आणि त्या बाईच्या एका प्रश्नात मला टीकालेखाचा अख्खा विषय सापडला. ख्रिस्ती माणसे आज इंटरनेटवरून धर्मसेवा करतात, अन्यायाविरुद्ध आवाजही उठवतात. त्या कामाची प्रशंसा करणारे आकडे मोजतात: किती जणांनी पाहिले, किती जणांनी पुढे पाठवले. निंदा करणारेही आकडेच मोजतात आणि घाबरतात. माझ्या मते मोजायच्या गोष्टी दोनच आहेत. निरोप ऐकणाराच्या भाषेत बसतो का? आणि निरोप्या उत्तर घेऊन परत येतो का?

हे मोजमाप मी परक्या देशातून आणलेले नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयानेच ते घालून दिले आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचे 'क्रिस्तपुराण' साष्टीत छापले गेले. नागरी खिळे हाताशी नव्हते, म्हणून हे मराठी काव्य रोमन लिपीत छापावे लागले. आज आमची मुले मोबाईलवर मराठी रोमन अक्षरांत लिहितात म्हणून आम्ही गुरुजी लोक कपाळावर हात मारतो. त्या मुलांना एक थोर पूर्वज आहे हे आपण विसरतो! स्टीफन्सची लिपी परकी होती, पण छंद ओवीचा होता आणि नाव पुराणाचे होते. यंत्र बाहेरचे असले तरी चालते. बोलण्याची चाल मात्र ऐकणाराच्या घरची हवी, हे त्याला उमगले होते.

दुसरे उदाहरण 'ज्ञानोदया'चे. अमेरिकन मराठी मिशनने हे पत्र १८४२ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, सुरू केले. धर्मप्रसार हा त्याचा हेतू होता आणि तो त्याने कधी लपवला नाही. हिंदू चालीरीतींवर त्याने केलेली टीका पुष्कळदा एकांगी होती, हेही कबूल केले पाहिजे. तथापि याच पत्राने १८५५ साली मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध दोन अंकांतून छापला. मुक्ता मिशनच्या शाळेतली नव्हती. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत ती शिकत होती. आपल्या मांग समाजाचे आणि महारांचे दुःख तिने त्या निबंधात मांडले, आणि आमचा धर्म तरी कोणता, असा प्रश्न थेट देवालाच केला. मिशनऱ्यांच्या छापखान्यातून तोवर अनेक उपदेश बाहेर पडले असतील. आज पावणेदोनशे वर्षांनी आपण आदराने वाचतो तो मजकूर उपदेशकाचा नाही, एका विद्यार्थिनीचा आहे. पत्राने आपल्या पानात दुसऱ्याला बोलू दिले, एवढीच त्यातली थोरवी. आणि ती लहान नव्हे.

तिसरे उदाहरण आमच्या शेजारचे. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलीबायकांना रमाबाईंनी आधी अन्न दिले, मग अक्षरे दिली, आणि पुढे छापखान्याचे खिळे त्यांच्या हातात दिले. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून रमाबाईंनी केलेले मराठी बायबल याच छापखान्यात या बायकांच्या कष्टाने छापले गेले. रमाबाई १९२२ साली वारल्या; संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. संस्कृतात पंडिता ही पदवी मिळवलेल्या बाईने वेदान्ताचा वास येणारे शब्द टाळून सोप्या मराठीचा ध्यास घ्यावा, हे त्या काळी अनेकांना रुचले नसणार. पण रमाबाईंच्या डोळ्यांपुढे पंडित नव्हते. नुकतीच अक्षरे गिरवू लागलेली, दुष्काळातून वाचलेली बाई होती.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी नेमका उलटा रस्ता धरला. रमाबाईंनी जुने शब्द सोडले, तर टिळकांनी जुना अभंगच उचलला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. १९१२ पासून १९१९ साली देहावसान होईपर्यंत 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे होते. मराठी देवळांतून आजही त्यांची गीते गाइली जातात. आणि लक्ष्मीबाईंनी तर 'स्मृतिचित्रे'मध्ये कोणताच रस्ता आखला नाही. चुलीपाशी बसून बोलावे तशा त्या बोलल्या, आणि मराठी गद्याला एक नवी ऐट आली. या तिघांच्या रीती वेगळ्या, पण तिघांनाही समोरचा माणूस दिसत होता. आमच्या बारामतीच्या मोरोपंतांची आर्या काही सोपी नव्हे. ती बाजारातल्या माणसापर्यंत पोचली ती कीर्तनकाराच्या तोंडून. आणि कीर्तनकार श्रोत्याच्या चेहऱ्याकडे पाहत पाहत अर्थ सोडवतो.

आता मोबाईलवरच्या उपदेशाकडे वळू. त्याने केलेले भले आधी सांगितले पाहिजे. २०२० सालचा ईस्टर १२ एप्रिलला आला तेव्हा टाळेबंदी होती आणि देवळांची दारे बंद होती. त्या दिवशी घराघरांत फोनभोवती जमून प्रार्थना झाल्या. पूर्वी कपाटात जपून ठेवावे लागणारे बायबल आज मराठीत फोनवर वाचता येते, आणि वाचता न येणाऱ्याला ऐकताही येते. बारामती-इंदापूरसारख्या भागात ख्रिस्ती घरे थोडी आणि विखुरलेली. कोणाला कारखान्याने आणले, कोणाला एमआयडीसीने. अशा एकट्या घराला रविवारी आपल्या गावच्या मंडळीचे गाणे ऐकू येणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. ज्या बाईची गोष्ट मी वर सांगितली, तिच्या कोपीत त्या आवाजाखेरीज दुसरे कोणी तिला बेटा म्हणून हाक मारणारे नव्हते. हे मी विसरत नाही.

परंतु या उपदेशाची मराठी पुष्कळदा उसनी असते. नवा हंगाम हा त्याचा एक नमुना. इंग्रजीत आयुष्याच्या नव्या पर्वाला ऋतूची उपमा देतात. कोणीतरी ती शब्दाला शब्द लावून मराठीत आणली. आणताना हे पाहिले नाही की आमच्या भागात हंगाम म्हणजे उसाचा हंगाम: मुकादमाची उचल, पहाटेचा कोयता आणि शाळा बुडालेली पोरे. आशीर्वाद म्हणून उच्चारलेला शब्द त्या बाईच्या कानात धमकीसारखा पडला. यात उपदेशकाचा हेतू वाईट नव्हता. त्याला श्रोता दिसत नव्हता, एवढेच. शेकडो लोकांशी एकाच वेळी बोलणाऱ्याला समोरचा एक चेहरा दिसेनासा होतो, आणि चेहरा दिसेनासा झाला की भाषा सैल पडते.

चेहरा न दिसण्यावरही उपाय होता: ऐकणाराचा आवाज. तोच मार्ग बंद केला जातो. फक्त चालकाने बोलावे ही सोय व्हॉट्सॲपवर २०१८ साली आली, आणि अनेक ग्रुपांनी, देवळांच्या ग्रुपांनीही, ती आनंदाने स्वीकारली. कारणे खोटी नाहीत. कोणी सकाळ-संध्याकाळ फुलांची चित्रे पाठवतो, कोणी भांडण उकरतो. त्याहून मोठे कारण भीतीचे आहे. समाज लहान, एखादी चित्रफीत भलत्या हातात पडली तर तिचा भलताच अर्थ लावून दारात जमाव येईल, ही धास्ती त्यांना असते आणि ती अगदीच निराधार आहे असे कोणी म्हणू नये. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी पाद्र्यांशी उघड्यावर वाद घालत, तेव्हा पाद्री निर्भय होते खरे. पण त्यांच्या पाठीशी त्यांच्याच धर्माचे सरकार होते. आजच्या पाळकाच्या पाठीशी तसे काही नाही. म्हणून बाहेरच्यांसाठी दार लावून घेतले तर मी दोष देणार नाही. माझा प्रश्न घरातल्या माणसांचा आहे. दार आतल्यांनाही बोलू देत नसेल, तर ते घर कसले?

उत्तर आले तर काय घडते, याचा दाखला ख्रिस्ती लोकांच्या सामाजिक कामातच आहे. वसईच्या 'सुवार्ता' मासिकाचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो दीर्घकाळ संपादक होते. वसईची हिरवाई आणि पाणी वाचवण्याच्या चळवळीत ते उतरले, ते केवळ ख्रिस्ती शेतकऱ्यांसाठी नव्हे. वसईतल्या सर्वांचे म्हणणे त्यांनी आपले मानले. म्हणूनच २०२० च्या जानेवारीत तेव्हाच्या उस्मानाबादला साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी ते बसले तेव्हा, आधी विरोधाचे सूर निघूनही, मराठी वाचकाला ते परके वाटले नाहीत. २०२४ साली ते गेले, आणि जाताना 'सुबोध बायबल' मागे ठेवून गेले.

दुसरा दाखला अधिक वेदनेचा आहे. फादर स्टॅन स्वामी झारखंडच्या आदिवासींत काम करणारे वृद्ध जेझुइट. आमच्याच जिल्ह्यातल्या कोरेगाव भीमाच्या प्रकरणाशी जोडलेल्या खटल्यात त्यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली. अटकेच्या आधी त्यांनी आपले म्हणणे चित्रफितीत बोलून ठेवले होते, ते इंटरनेटवरून देशभर ऐकले गेले. कंपवातामुळे पेला हातात धरवत नाही म्हणून त्यांनी तुरुंगात नळीचा पेला मागितला, आणि तो प्रश्न न्यायालयात लांबत गेला. तेव्हा कोणी कोणाला ओळखत नसलेल्या माणसांनी इंटरनेटवर एकमेकांना हाक दिली आणि तळोजा तुरुंगाच्या पत्त्यावर नळ्या आणि पेले पाठवले. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, कशातच नसलेलेही होते. ५ जुलै २०२१ ला, खटला उभा राहण्यापूर्वीच, फादर स्वामी वारले. खटल्याबद्दल वाचकाचे मत काहीही असो. तहानलेल्या म्हाताऱ्याला पाणी पिता यावे, एवढ्या साध्या गोष्टीवर अनोळखी माणसे एक झाली. सगळ्या इंटरनेटवरच्या प्रवचनांपेक्षा तो पेला मला अधिक ख्रिस्ती वाटतो.

यातला फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. यंत्र तेच, माणसेही पुष्कळशी तीच. एका कामात निरोप खाली सोडला जातो आणि संपतो. दुसऱ्यात तो उत्तर मागतो आणि ते मिळते. मात्र या चळवळींतही एक उणीव दिसते. त्या पेटतात लवकर आणि विझतातही लवकर. 'ज्ञानोदया'च्या पानावर मुक्ताचा निबंध राहिला. फोनच्या पडद्यावरचा संताप आठवड्यात वर सरकून जातो. ज्या दुःखाला पेला पाठवता येत नाही, जे रोजचेच आणि कंटाळवाणे आहे, त्याच्यासाठी कोणी हाक देत नाही. उचल, कोयता आणि बुडालेली शाळा ही त्या जातीची दुःखे.

मी धर्माचा जाणकार नव्हे, म्हणून मोठा सल्ला देत नाही. एक लहानसा देतो. आठवड्यातून एक तास, फार तर अर्धा तास, प्रत्येक मंडळीच्या चालकाने ग्रुप मोकळा करावा. लिहिता न येणाऱ्याला फोनमध्ये नुसते बोलूनही निरोप धाडता येतो; तसे बोलू द्यावे. आलेले प्रश्न पुढच्या रविवारी उपदेशात घ्यावेत. भाषा आपोआप ताळ्यावर येईल, कारण प्रश्न मराठीत आलेले असतील. आणि उद्या एखादी मुक्ता त्या ग्रुपात बोलू लागली, तर तिला चूप करू नये.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा फराळाची ताटे समोर असतील. दिवाळी सरली की टोळ्या आमच्याकडे यायला लागतील. बैलगाड्या, ट्रॅक्टर, वर बांधलेला संसार, आणि त्यात कुठेतरी तो फोन. आम्ही पुन्हा मुलांची गणती करायला जाऊ. ती बाई भेटली, तर नवा हंगाम म्हणजे काय हे तिला कोणी सांगितले का, ते मी विचारणार आहे.