आर्सेनिकवर जगणारा जिवाणू आणि एका प्राध्यापिकेचा ब्लॉग

गेल्या आठवड्यात एका ज्युनिअरनं कँटीनमध्ये विचारलं, "ताई, पीएचडीला लागल्यावर ट्विटरवर असायलाच हवं का? आणि ब्लॉग पण काढायचा का?" तिच्या कॉलेजात नुकतीच एक कार्यशाळा झाली होती. तिथं सांगितलं गेलं की आजच्या संशोधकानं 'दिसलं' पाहिजे, फॉलोअर वाढवले पाहिजेत, आठवड्याला तीन पोस्ट टाकल्या पाहिजेत. काय लिहायचं, याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही.

तिला मी लगेच उत्तर दिलं नाही, एक ब्लॉग वाचायला सांगितला. आजची पोस्ट त्याच ब्लॉगबद्दल आहे. तो कसा आहे, त्यात काय जमलंय, काय खटकतं, आणि तुम्ही-आम्ही त्यातून काय घ्यावं, असं सगळं बघू. थोडी लांबण लागेल, पण चहा घेऊन बसा.

ब्लॉग आहे रोझी रेडफिल्ड यांचा. कॅनडात व्हँकुव्हरला ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात त्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. २००६ पासून त्या आपल्या लॅबच्या कामाबद्दल उघडपणे लिहीत होत्या. विषय काय? तर हिमोफिलस इन्फ्लुएन्झी नावाचा जिवाणू बाहेरचा डीएनए पेशीत कसा ओढून घेतो. म्हणजे अगदी चार-दोन डझन लोकांना रस असेल असा विषय. आज कुठला प्रयोग फसला, उद्या काय करून बघणार, ग्रँटच्या अर्जात कुठं अडलंय, असल्या नोंदी. चकचकीत फोटो नाहीत, 'संशोधकांसाठी दहा टिप्स' नाहीत. आपण लॅबच्या वहीत जे लिहितो, त्याच्या थोडं वरच्या पातळीवरचं लिखाण.

मग डिसेंबर २०१० उजाडला.

नासानं आधी पत्रकारांना कळवलं की परग्रहावरच्या जीवसृष्टीच्या शोधावर परिणाम करेल असं काहीतरी जाहीर होणार आहे. झालं, लगेच एलियन सापडल्याच्या अफवा. २ डिसेंबरला पत्रकार परिषद झाली आणि 'सायन्स' या नियतकालिकानं पेपर ऑनलाइन टाकला. दावा असा होता: कॅलिफोर्नियातल्या मोनो लेक या खाऱ्या, आर्सेनिकयुक्त तळ्यात जीएफएजे-१ नावाचा जिवाणू सापडलाय, आणि फॉस्फरस मिळाला नाही तर तो त्याच्याऐवजी आर्सेनिक वापरतो, अगदी डीएनएमध्येसुद्धा.

हा दावा किती मोठा होता बघा. डीएनएचा कणाच फॉस्फेटचा. आपल्याला माहीत असलेल्या प्रत्येक सजीवात तो तसाच आहे. तिथं आर्सेनिक बसू शकतं म्हटलं तर पाठ्यपुस्तकाचं पहिलं प्रकरण नव्यानं लिहावं लागेल. जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी उचलली.

दोनच दिवसांनी, ४ डिसेंबरला, शनिवारी रेडफिल्डबाईंनी ब्लॉगवर एक लांबलचक पोस्ट टाकली. तीच पोस्ट मी तुम्हाला वाचायला सांगते, कारण पेपर कसा वाचावा याचा त्याहून चांगला धडा मला तरी कुठल्या रिसर्च मेथडॉलॉजीच्या तासाला मिळाला नाही.

त्यात काय आहे? मुख्य मुद्दे दोन. पहिला, 'फॉस्फेटविरहित' म्हटलेल्या माध्यमात थोडं फॉस्फेट होतंच. वापरलेल्या क्षारांमधून ते आलेलं होतं, साधारण तीन मायक्रोमोलर, आणि लेखकांनीच ते नोंदवलेलं होतं. बाईंनी पेपरमधलेच आकडे घेतले, एका पेशीला किती फॉस्फरस लागेल याचा हिशोब मांडला आणि दाखवलं की जेवढे जिवाणू वाढले तेवढ्यांना हे 'घाणीतलं' फॉस्फेट पुरेसं आहे. मग आर्सेनिक वापरण्याची गरजच काय? दुसरा मुद्दा डीएनएच्या शुद्धीकरणाचा. जेलमधून कापलेला डीएनएचा तुकडा नीट स्वच्छ न करताच मोजला, तर सापडलेलं आर्सेनिक डीएनएच्या साखळीत आहे की नुसतं आजूबाजूला चिकटलंय, हे सांगणार कसं?

दोन्ही मुद्दे एम.एस्सी.च्या मुलांना समजतील असे आहेत, आणि पोस्टचं पहिलं बळ तेच. 'मी प्राध्यापक आहे, माझं ऐका' असं त्यात कुठंही नाही. हिशोब समोर मांडलाय, हवा तर तुम्ही तपासा. खाली प्रतिक्रियांमध्ये लोकांनी तपासलाही. कोणी रसायनशास्त्राची बाजू मांडली, म्हणजे आर्सेनेटचे बंध पाण्यात किती पटकन तुटतात वगैरे, कोणी बाईंनाच दुरुस्त केलं.

आता सोशल मीडियाचं बघू. त्या दिवसांत ट्विटरवर 'आर्सेनिकलाइफ' असा हॅशटॅग चालला होता. ट्वीटला तेव्हा १४० अक्षरांची मर्यादा होती. वरचा फॉस्फेटचा हिशोब १४० अक्षरांत बसवून दाखवा बरं! बसणारच नाही. ट्विटरनं इथं पोस्टमनचं काम केलं, म्हणजे लोकांना पोस्टपर्यंत आणून सोडलं. पत्र मात्र ब्लॉगवर लिहिलेलं होतं. आपल्याकडे हे दोन्ही एकात एक घालतात. 'सोशल मीडियावर सक्रिय व्हा' म्हणताना टपाल वाटायला शिकवतात, पत्र लिहायला कोणी शिकवत नाही. लिंक द्यायला मागं काही लिहिलेलंच नसेल, तर फॉलोअर घेऊन करायचं काय?

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. लेखकांचं सुरुवातीचं म्हणणं असं पडलं की ब्लॉगवर आणि माध्यमांत वाद घालणं योग्य नाही, आक्षेप रीतसर पीअर रिव्ह्यूमधून यावेत. (त्याच महिन्यात त्यांनी प्रश्नोत्तरांचं एक टिपण काढलं, हेही सांगायला हवं.) यावर अनेकांनी विचारलं की घोषणा पत्रकार परिषदेत चालते, मग शंका ब्लॉगवर का नको? प्रश्न रास्तच आहे. पण रेडफिल्डबाई तिथं थांबल्या नाहीत. त्यांनी 'सायन्स'ला रीतसर पत्र लिहिलं आणि त्याचा मसुदाही ब्लॉगवर टाकला. २०११ मध्ये मूळ पेपर छापील अंकात आला तेव्हा त्याच्यासोबत आठ तांत्रिक आक्षेप छापले गेले, त्यांत त्यांचा एक होता.

त्याच्याही पुढं जाऊन त्यांनी जिवाणू मागवले आणि प्रयोग स्वतःच्या लॅबमध्ये करायला घेतला. तोही ब्लॉगवर, सगळ्यांसमोर. जिवाणू नीट वाढत नाहीत, माध्यम बदलून बघते, हे सगळं नोंदवत. शेवटी प्रिन्स्टनच्या सहकाऱ्यांबरोबर डीएनए नीट शुद्ध करून तपासला, तेव्हा त्यात आर्सेनेट बांधलेलं सापडलं नाही. २०१२ च्या सुरुवातीला मसुदा अर्काइव्हवर गेला आणि जुलै २०१२ मध्ये पेपर 'सायन्स'मध्येच आला. सोबत झुरिकच्या गटाचाही एक पेपर होता. त्यांचा निष्कर्ष असा की हा जिवाणू आर्सेनिक सहन करतो खरा, पण त्याला फॉस्फेट लागतंच. मूळ पेपर मात्र तसाच उभा राहिला. जुलै २०२५ मध्ये 'सायन्स'नं तो मागे घेतला. लबाडीचा आरोप नव्हता, प्रयोगांवरून तो निष्कर्ष निघत नाही एवढंच कारण होतं. मूळ लेखकांनी या निर्णयाला हरकत घेतली.

म्हणजे शनिवारच्या त्या पोस्टपासून पेपर मागे घेतला जाईपर्यंत साडेचौदा वर्षं गेली. 'ब्लॉगनं विज्ञान दुरुस्त केलं' असं जे सहज म्हटलं जातं, ते मला पटत नाही. ब्लॉगनं शंका दोन दिवसांत लोकांपर्यंत पोचवली. दुरुस्ती झाली ती लॅबमध्ये, दीड वर्ष घाम गाळून. दोन्हीची गरज होती, पण एकाचं श्रेय दुसऱ्याला द्यायला नको.

आता खटकणाऱ्या गोष्टी. त्याच पोस्टच्या शेवटाकडे बाई हेतूवर घसरल्या आहेत. हे संशोधक नुसतेच कच्चे आहेत की नासाचा परग्रहवासीयांचा अजेंडा रेटताहेत, कळत नाही, असा त्या वाक्याचा रोख आहे. मला ते वाक्य नको वाटतं. आधीच्या सगळ्या परिच्छेदांत त्या आकड्यांवर बोलतात, आणि इथं अचानक माणसांवर. हिशोब तपासता येतो, हेतू तपासायचा कसा? शिवाय पेपरमध्ये पहिलं नाव असलेल्या फेलिसा वुल्फ-सायमन तेव्हा करिअरच्या सुरुवातीला होत्या. पुढं कित्येक वर्षं त्यांचं नाव त्या एका पेपरशीच जोडलं गेलं. त्या बारा लेखकांत एकट्या नव्हत्या, रिव्ह्यू करणारे होते, संपादक होते, पत्रकार परिषद घेणारी नासा होती. इंटरनेटवरचा राग मात्र बहुतेक एकाच दारावर जाऊन धडकला. याचं खापर एका ब्लॉगवर फोडता येणार नाही. पण पोस्टमधलं सगळ्यात कमकुवत वाक्यच सगळ्यात सहज उचलता येण्यासारखं होतं, हे ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट दोष नाही, पण सांगायलाच हवी. रेडफिल्डबाईंची प्राध्यापकी पक्की होती. त्यांना गाईड नव्हता, व्हायवा द्यायची नव्हती, फेलोशिपच्या सहीसाठी कुणाच्या केबिनबाहेर उभं राहायचं नव्हतं. 'बघा, त्यांनी कसं निर्भीडपणे लिहिलं, तुम्हीही लिहा' असं पीएचडीच्या मुलांना सांगणारे हा फरक गिळून टाकतात.

हे मी एवढं ठासून का सांगते, तर स्वतः आपटलेय म्हणून. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एक पेपर वाचनात आला. मुख्य आकृतीत कंट्रोल दिसेना. मी लगेच आकृतीचा फोटो काढून फेसबुकवर टाकला, वर एक झणझणीत ओळ: 'कंट्रोल बहुतेक सुट्टीवर गेला असावा.' लाइक्स पडले, शेअर झालं, मी खूश. तिसऱ्या दिवशी त्या पेपरच्या पहिल्या लेखकाची मेल आली. माझ्यासारखाच पीएचडीचा विद्यार्थी. शांतपणे लिहिलं होतं, "कंट्रोल पुरवणीतल्या तिसऱ्या आकृतीत आहे, कृपया बघावं." मी पुरवणी उघडलीच नव्हती. पोस्ट काढली, माफी मागितली, पण तोवर तिचे स्क्रीनशॉट दोन-तीन व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरले होते. त्यांना कुठं माफी पाठवणार? माझ्या सरांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मुद्दा चुकतो गं कधीतरी. पण पुरवणी न वाचता बोललीस, याचं वाईट वाटलं."

नंतर कधीतरी रेडफिल्डबाईंची ती पोस्ट परत वाचली. त्या पेपरच्या पुरवणीपर्यंत गेल्या होत्या आणि आकडे तिथून शोधून आणले होते. माझ्याकडे नुसती थट्टेची ओळ होती, आणि ती सांभाळायला खाली काहीच नव्हतं.

मग ज्युनिअरला काय सांगितलं? सांगितलं की ट्विटर, फेसबुक राहू दे, आधी ब्लॉग काढ. साधा, फुकटातला. पहिले सहा महिने कोणी वाचलं नाही तरी चालेल. स्वतःच्या विषयातला एक पेपर घे आणि त्यातला एक आकडा स्वतः मोजून बघ. तो कसा मोजला ते पायरीपायरीनं मराठीत लिही. मराठीत लिहिताना शब्द अडतात, आणि शब्द अडला की कळतं आपल्याला नेमकं काय समजलेलं नाही. पुरवणी वाचल्याशिवाय टीका नको. टीका असेल तर लेखकाला आधी मेल कर, चार दिवस थांब. स्वतःचा न छापलेला डेटा मात्र गाईडला विचारल्याशिवाय टाकू नकोस, त्यात तुझ्याबरोबर लॅबमधल्या इतरांचंही काम असतं. आणि शेवटची ओळ लिहून झाली की ती माणसाबद्दल आहे की कामाबद्दल, ते बघ. माणसाबद्दल असेल तर खोड.

तिनं विचारलं, "आणि फॉलोअर?" म्हटलं, रेडफिल्डबाईंनी चार वर्षं हिमोफिलसबद्दल लिहिलं तेव्हा कोण वाचत होतं? पण त्या चार वर्षांत हात बसला होता, म्हणून त्या शनिवारी त्या लिहू शकल्या.

तुम्हीही करून बघा. या आठवड्यात एक पेपर, एक आकडा. हिशोब जमला किंवा फसला, दोन्ही कळवा. पुढच्या पोस्टमध्ये पेपरची पुरवणी कशी वाचायची ते घेऊ. मला ते उशिरा कळलं, तुम्हाला तरी वेळेवर कळू दे.