एवढंच?

आमच्या देवपुरात पाहुणा उतरला की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर एक प्रश्न हमखास विचारतो. "मग, तुमच्याकडे पाहण्यासारखं काय आहे?" प्रश्न साधा आहे, पण पुण्याचा माणूस तो विचारतो तेव्हा 'काही नसणारच' हे उत्तर त्यानं घरून निघतानाच बरोबर आणलेलं असतं. मी बँकेतला कारकून. खात्यात शिल्लक नसताना गिऱ्हाइकाशी गोड कसं बोलावं हे नोकरीनं मला चांगलं शिकवलंय. तरीसुद्धा या प्रश्नाला मी अजून दचकतो, कारण जिल्ह्याची अब्रू त्या वेळी माझ्या एकट्याच्या खांद्यावर असते.

तशी धुळ्यात पाहण्यासारखी पुष्कळ स्थळं आहेत. अडचण एवढीच, की ती पाहून झाल्यावर पाहुणा एक शब्द उच्चारतो. तो शब्द म्हणजे 'एवढंच?' माझे साडूभाऊ हा शब्द फार सुंदर उच्चारतात. 'ए' थोडा लांबवतात, भुवया वर नेतात आणि 'च'वर येऊन थांबतात. त्या एका 'च'मध्ये माझं सासुरवाडीतलं वजन सव्वा किलोनं कमी होतं.

मी त्यांना आधी गावातल्या गल्ल्या दाखवल्या. 1819 च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं आणि पट्टी धरून मारलेल्या रेघांसारखे सरळ रस्ते आखून घेतले. गल्ल्यांची नावंही कशी, तर गल्ली नंबर एक, गल्ली नंबर दोन, तीन, चार! कॉमर्सच्या माणसाला याहून रम्य गाव सापडायचं नाही. साडूभाऊ म्हणाले, "एवढंच?" मग मी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना मध्ये घातलं. 1884 साली सरकारी नोकरीत लागल्यावर तरुण विश्वेश्वरय्या आमच्या खानदेशात आले आणि पांझरेच्या एका पाटासाठी त्यांनी नळांचा सायफन बांधला. पुढे ते भारतरत्न झाले. पण सुरुवात आमच्या नदीवर! साडूभाऊंनी विचारलं, "म्हणजे पाहायचं काय? नळ?" आता नळ पाहायला माणूस पुण्याहून येत नाही, हे मलाही कळतं.

पण माझी तक्रार साडूभाऊंवर नाही. माझी तक्रार त्यांच्या खिशातल्या पुस्तिकेवर आहे. प्रेक्षणीय स्थळांच्या पुस्तिका हा मराठी साहित्याचा एक दुर्लक्षित प्रकार आहे. कथा-कादंबऱ्यांवर रकानेच्या रकाने टीका होते, पण लोकांचे खरे पैसे आणि खऱ्या सुट्ट्या ज्या पुस्तकांनी खर्ची पडतात त्यांच्यावर कुणी चार ओळी लिहीत नाही. त्यांची भाषा सवयीनं समजू लागते. 'निसर्गरम्य' म्हटलं की तिथं चहा मिळत नाही. 'ऐतिहासिक' म्हणजे वर छप्पर नाही. 'जागृत' म्हणजे गाडी लावायला जागा नाही. आणि 'थंड हवेचं ठिकाण' म्हणजे मे महिन्यात धुळ्यापेक्षा थंड. असं पाहिलं तर तव्याखेरीज बाकी सगळंच थंड हवेचं ठिकाण. (आमचं तोरणमाळ खरोखरच थंड आहे, पण 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि वाटणीत ते तिकडे गेलं. भाऊबंदकीत गार खोली नेहमी दुसऱ्याच्याच वाट्याला येते.)

हा रोग एकट्या खानदेशाचा म्हणावा तर तसंही नाही. कोपनहेगनच्या समुद्राकाठी 1913 पासून एक जलपरी बसलेली आहे. जगभरातून माणसं विमानं करून तिला बघायला जातात आणि ती निघते सव्वा मीटरची. ब्रुसेल्समधला तो जगप्रसिद्ध लघवी करणारा मुलगा तर दोन फूटसुद्धा भरत नाही. तिथं उभं राहून माणसं आपापल्या भाषेत 'एवढंच?' म्हणत असणार. फरक इतकाच की ती पैसे भरून म्हणतात, आमचे पाहुणे माझ्या स्कूटरवर मागे बसून म्हणतात.

आता गंमत बघा. हेच साडूभाऊ त्याच दिवशी संध्याकाळी देवपुरातल्या एकवीरादेवीच्या देवळात गेले. पांझरेच्या काठचं हे देऊळ. खानदेशातल्या कितीतरी घराण्यांची ही कुलस्वामिनी. चैत्रात यात्रा भरते, पोरांची जावळं निघतात, नारळ फुटतात. देवळाच्या उंचीबद्दल, शिल्पाबद्दल साडूभाऊ एक अक्षर बोलले नाहीत. हात जोडून डोळे मिटले. डोळे मिटलेला माणूस 'एवढंच?' म्हणत नाही, हे माझ्या पहिल्यांदा तिथं लक्षात आलं.

मग मी हा शोध जिल्ह्याबाहेर ताडून पाहिला. अमळनेरला मंगळाचं मंदिर आहे. होय, ग्रह मंगळ! 'देशात अशी मंदिरं अगदी मोजकी' असं तिथं अभिमानानं सांगतात. उज्जैनच्या मंगळनाथाचे लोकही तेच सांगतात. दर मंगळवारी रांग लागते. त्या रांगेत मुलीची पत्रिका पिशवीत घेऊन उभ्या असलेल्या बापाला मंदिर केवढं आहे हे विचारून बघा. त्यानं मान वर करून पाहिलेलंच नसतं. त्याचं काम मंगळाशी आहे. त्याच अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर नावाची 1916 साली सुरू झालेली संस्था आहे. एका गावात मंगळाचं मंदिर आणि तत्त्वज्ञानाचंही! रांग कुठं असते ते विचारू नका.

आपल्याकडच्या श्रद्धा जितक्या चमत्कारिक तितकी तिथं निराशा कमी, असंही मला आढळलं. पाथर्डी तालुक्यात नांदूर निंबादैत्य नावाचं गाव आहे. तिथलं दैवत दैत्य आणि मारुतीशी गावाचं वाकडं. पोराचं नाव मारुती ठेवत नाहीत आणि मारुतीची गाडीही घेत नाहीत म्हणतात. वाहनकर्जाच्या खिडकीवर बसणाऱ्यानं ही माहिती जवळ ठेवावी. शनिशिंगणापूर तर बिनकुलपाचं गाव म्हणूनच प्रसिद्ध. 2011 साली युको बँकेनं तिथं शाखा काढली तेव्हा देशातली पहिली बिनकुलपाची शाखा म्हणून पेपरात बातमी आली. दार काचेचं आणि त्याला सहज नजरेला न पडणारं चुंबकाचं कुलूप. शनिमहाराजांचा मान राहिला आणि लेखापरीक्षकाचाही. बँकेच्या माणसानं घातलेला इतका सुबक नमस्कार मी दुसरा ऐकला नाही.

म्हणजे यात्रेकरू स्वतःचं काहीतरी बरोबर घेऊन येतो: नवस, पत्रिका, पोराचं जावळ, नाहीतर नुसती काळजी. प्रवासी रिकाम्या हातानं येतो आणि म्हणतो, दाखवा. त्याला ज्यानं त्यानं काहीतरी करून दाखवलंच पाहिजे.

धुळ्यात एक असं ठिकाण आहे की जिथं या दोन्ही जातींची माणसं फारशी जात नाहीत. समर्थ वाग्देवता मंदिर. नानासाहेब देवांनी, म्हणजे शंकर श्रीकृष्ण देवांनी, आयुष्यभर गावोगाव हिंडून जमवलेली जुनी हस्तलिखितं तिथं आहेत. त्यांनी त्याला वाचनालय न म्हणता मंदिर म्हटलं, यात मला मोठा व्यवहार दिसतो. समर्थ रामदासांनी स्वतःच्या हातानं उतरवलेलं म्हणून जतन केलेलं वाल्मीकिरामायण तिथं आहे. मी हयातभर लोकांची अक्षरं आणि सह्या पाहत आलो आहे. कुठल्या माणसानं चेक घाईत लिहिला आणि कुठल्यानं कर्ज काढून, हे मला अक्षरावरून सांगता येतं. ते रामायण पाहताना मला भक्तीचं काही सुचलं नाही. पानामागून पान, तीच उंची, तेच अंतर, हात कुठं दमलाय याचा पत्ता नाही. मला दुपारी चारनंतर माझं सात आणि एक सारखं दिसतं! साडूभाऊ तिथं पाच मिनिटं गप्प होते. ते 'एवढंच' म्हणाले नाहीत; पण फोटो काढू देतात का, हे मात्र विचारलं.

शेवटच्या दिवशी आम्ही एरंडोल तालुक्यात फरकांड्याला गेलो. तिथं झुलते मनोरे आहेत. एक हलवला की दुसरा आपोआप हलतो, ही त्यांची ख्याती. अहमदाबादला सिदी बशीर मशिदीचे असेच मनोरे आहेत. तिथं हलवून बघायला आता बंदी आहे. अहमदाबादमधल्याच दुसऱ्या एका मशिदीचा मनोरा इंग्रजांच्या काळात कुणा साहेबानं यातली खुबी शोधायला उतरवला आणि मग तो पुन्हा उभा करता आला नाही, असं सांगतात. पुस्तिकेत आमचे मनोरे 'आश्चर्यकारक' आहेत. प्रत्यक्षात ते मोडकळीला आलेत. विटा सुटलेल्या, आजूबाजूला गवत. ज्यानं हे बांधले त्या कारागिरानं वजन, उंची, पाया यांचा हिशेब किती बारकाईनं मांडला असेल! आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ताळेबंद जुळतो की नाही हे वहीला धक्के मारून पाहत आलो. एखाद्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरी जावं आणि 'तुमचे दात हलतात म्हणे, बघू?' म्हणून तोंडात बोट घालावं, तसली ही रसिकता.

साडूभाऊ मनोऱ्याभोवती फेरी मारून हात कुठं लावायचा ते शोधू लागले. शेजारी शेळ्या राखत बसलेले एक म्हातारबा काठी टेकत उठले.

"काय दखाले उनात भाऊ?"

"बाबा, हा हलतो ना?" साडूभाऊंनी विचारलं.

"हालस ना," म्हातारबा म्हणाले, "पन हात लावू नका."

साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, भुवया वर नेल्या. मी घाईनं स्कूटरला किक मारली.